खेकड्यांचा टँक

माझी एक मैत्रीण खास ऑक्टोपस बघायला म्हणून आली आणि अर्धा-पाऊण तास खेकडेच बघत बसली. तिला तरी काय बोलणार, गुंड्याचा, म्हणजे माझ्या ऑक्टोपसचा, मूडच नव्हता त्या दिवशी, दगडाच्या फटीतून एक डोळा आणि एका भुजेचं टोक एवढंच त्याने दाखवलं आणि तेही लगेच आत ओढून घेतलं. त्याच्या मोठ्या टँकशेजारी माझा एक बुटका टँक आहे, अर्धा वाळूचा उतार आणि अर्धं मचूळ पाणी, त्यात फिडलर खेकडे असतात, म्हणजे गुंड्याचं जेवण असतं. फिडलरच्या नराची एक नांगी एवढीशी आणि दुसरी जवळजवळ त्याच्या अंगाएवढी. ती मोठी नांगी तो वर उचलतो, जरा थांबतो, खाली घेतो, परत उचलतो. मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला दटावायला असतं ते सगळं, पण मैत्रीण काचेला नाक लावून बसलेली, ती म्हणाली, "अगं, हा मला हात करतोय बघ!" आणि तिनेही त्याला हात केला. ती गेल्यावर संध्याकाळी मी चिमटा घेऊन जेवण काढायला गेले तर चिमट्यात नेमका तोच आला. मी त्याला परत वाळूवर ठेवला आणि शेजारचा दुसरा उचलला.

गुंड्या जेवला, झाकणाच्या कड्या लावून झाल्या, लाइट बंद केला. पण डोक्यातून ते जाईना. त्या दुसऱ्याने काय घोडं मारलं होतं?

ऑक्टोपस पाळलाय म्हटल्यावर लोक जे प्रश्न विचारतात ते सगळे त्याच्या अकलेबद्दल असतात. बरणीचं झाकण उघडतो का, तुला ओळखतो का, पळून जात नाही का. न्यूझीलंडच्या नेपियरमधल्या मत्स्यालयातून २०१६ मध्ये पळालेला इंकी सगळ्यांना माहीत असतो, झाकणाच्या फटीतून बाहेर, जमिनीवरून सरपटत सांडपाण्याच्या नळात आणि त्या नळातून थेट समुद्रात. या गोष्टी सांगायला मलाही मजा येते. पण "त्याच्या जेवणाचं काय करतेस?" असं कुणी विचारलं तर मी जरा जपून बोलते, कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि निम्मं लोकांना आवडत नाही. ऑक्टोपस सांभाळणं म्हणजे तसं बघितलं तर खेकडे सांभाळणं. ऑक्टोपस स्वतःचं बरंचसं बघतो. घर शोधतो, दारात दगड लावतो, कंटाळा आला की पंपाशी खेळतो. खेकडे मात्र मिळवावे लागतात, जगवावे लागतात, खायला घालून धडधाकट ठेवावे लागतात आणि मग एकेक करून द्यावे लागतात.

जिवंतच कशाला, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. गुंड्या हा बायमॅक जातीचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडचा, दोन्ही डोळ्यांखाली निळ्या कड्याचा एकेक ठिपका असलेला. अंड्यातून बाहेर आल्यावर ही पिल्लं सरळ तळाशी उतरतात आणि पहिल्या दिवसापासून शिकार करायला बघतात. ती हलणारी गोष्टच खातात. पिल्लू असताना त्याला अँफिपॉड आणि मायसिड लागायचे, ते बारीक झिंग्यांसारखे टुणटुण उड्या मारणारे जीव, आणि ते सगळे जिवंत. बाजारात सगळ्यात सहज मिळतं ते ब्राइन श्रिंप, खाऱ्या पाण्यातले अगदी चिमुकले जीव, पण त्यात पोषण फार नाही, त्यांना आधी शेवाळ खायला घालून पोटभर करावं लागतं आणि तरी ते मुख्य जेवण होत नाही. मोठा झाला की ऑक्टोपस काडीला लावलेला मेलेला तुकडाही घेतो, पण ते त्याच्या मर्जीवर. काही घेतात, काही काडी हिसकावून फेकून देतात. गुंड्या दोन्ही करतो, आज घेतो, उद्या तोच तुकडा त्याच काडीवर असेल तर नळीतून पाण्याची पिचकारी मारून माझ्याकडे परत पाठवतो. माझी बाही भिजली की त्याचं समाधान होतं असं माझं आपलं मत.

मग खेकडे. नुसते "खेकडे" म्हणून चालत नाही. दुकानात मिळणारे जमिनीवरचे हर्मिट खेकडे, म्हणजे रिकाम्या शंखात घर करणारे, खाऱ्या पाण्यात टाकले तर बुडून मरतात आणि न खाल्लेला मेलेला खेकडा टँकमध्ये राहिला तर पाण्यात अमोनिया चढतो. ऑक्टोपसला खराब पाणी माशांइतकंही सोसत नाही, आणि तो स्वतःच एवढा खातो आणि एवढी घाण करतो की स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र, आधीच घामाघूम असतो. गोड्या पाण्यातले काचेसारखे झिंगे स्वस्तात आणि भरपूर मिळतात, पण समुद्राच्या पाण्यात पडले की थोड्या वेळात गार होतात, म्हणजे जिवंत देण्याचा उद्देशच संपला, आणि समुद्री जीवात जी चरबी असते ती त्यांच्यात नसते. कधीतरी बदल म्हणून ठीक. गोल्डफिश तर अजिबात नाही. फार चरबी, वर त्यांच्यात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, रोज तेच खाऊ घातलं तर खाणारा हळूहळू खंगतो.

आणि तांबं. हे सगळ्यात जास्त घाबरवणारं आहे. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की जी औषधं टाकतात त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. माशाला बरं वाटतं, पण त्या पाण्यातून आलेला जीव, ते पाणी, कधीकधी तो जुना टँकसुद्धा ऑक्टोपसला घातक ठरतो. गंमत म्हणजे त्याचं रक्त निळं दिसतं ते तांब्यामुळेच, आपल्याकडे लोह जे काम करतं ते त्याच्याकडे तांबं करतं, हिमोसायनिनमधलं. अंगातलं तांबं प्राणवायू वाहतं आणि बाहेरच्या पाण्यातलं तांबं जीव घेतं. त्यामुळे विकणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारते तो हा, की पाण्यात कधी औषध टाकलं होतं का, आणि "नाही नाही, एकदम नॅचरल" असं फार पटकन उत्तर आलं तर मी फोन ठेवते. किनाऱ्यावरून स्वतः पकडून आणणारेही आहेत. पण कुठे पकडायला परवानगी लागते, कुठे मुळीच चालत नाही, आणि जिथे चालतं तिथे नाल्याचं पाणी कुठे उतरतं हे माहीत असावं लागतं. खेकडा चिखल गाळून खातो. चिखलात जे आहे ते त्याच्या पोटात, आणि त्याच्या पोटातलं उद्या ऑक्टोपसच्या.

पार्सलमधून येतात ते ओल्या कागदात नाहीतर ओल्या शेवाळात गुंडाळलेले. खोका उघडला की आधी वास येतो आणि त्या वासावरूनच कळतं किती गेलेत ते. मेलेल्या खेकड्याचा वास हातावरून सहज जात नाही, लिंबू लावा, साबण लावा, दुसऱ्या दिवशी बोटं नाकाशी गेली की आहेच. जिवंत असतात ते पाय अंगाखाली घेऊन अगदी दगड होऊन बसलेले असतात, मचूळ पाण्याचे दोन थेंब टाकले की आधी डोळ्यांच्या दांड्या वर येतात, मग तोंडाशी फेस, मग एकदम सगळे पाय चालू. खरं सांगू का, तो क्षण मला आवडतो, आणि आवडतो म्हणूनच जरा अवघडल्यासारखंही होतं. त्यांना मी काही दिवस वेगळं ठेवते, बरं खायला घालते, कारण उपाशी खेकड्यात नुसतं कवच, ऑक्टोपसला काय मिळणार. म्हणजे त्यांच्यावर जी माया करते ती अशी आहे. ते वाळू उचलून तोंडाशी नेतात, त्यातलं शेवाळ वगैरे काय असेल ते चाटून घेतात आणि उरलेल्या वाळूची बारीक गोळी करून खाली ठेवतात. नराची एक नांगी दाखवायचीच असल्यामुळे तो एकाच हाताने जेवतो, मादी दोन्ही हातांनी पटापट. संध्याकाळपर्यंत सगळ्या उतारावर गोळ्यांच्या रांगा लागतात, त्या मी मोडत नाही. का मोडत नाही ते मला सांगता येणार नाही.

आता दुसरी बाजू. खेकडा पाण्यात सुटतो, तळाशी पोचतो, आणि बराच वेळ काहीच होत नाही. गुंड्याचा डोळा वर येतो, ती आडवी बाहुली खेकड्यावर लागलेली. मग त्याच्या अंगावरून एक गडद सावली सरकते, अंगाची कातडी खडबडीत होते, आणि तो दगडावरून इतका हळू वाहायला लागतो की बघता बघता माझंच लक्ष चुकतं. शेवटच्या वीतभर अंतरावर सगळा पांढरा पडतो आणि भुजांमधला पडदा पसरून ओल्या चादरीसारखा खेकड्यावर पडतो. कडेने सगळं बंद. आत काय चाललंय ते दिसत नाही, दिसतो तो फक्त धापा टाकणारा त्याचा झगा, म्हणजे ते पिशवीसारखं धड. लाळेतलं विष खेकड्याला लुळं पाडतं आणि कवचापासून मांस सुटं करतं. मग तो ते सगळं अंगाखाली धरून बिळात घेऊन जातो. तो घास अगदी बारीक करतो, करावाच लागतो, कारण त्याची अन्ननलिका मेंदूच्या मधून जाते, मोठा तुकडा गिळला तर डोक्यातच अडकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बिळाच्या दारात कवच पडलेलं असतं, पाठीची ढाल वेगळी, पायांच्या पोकळ नळ्या वेगळ्या. उजेडात धरलं तर आरपार दिसतं. शिंपला दिला तर आधी ओढून बघतो, नाही उघडला तर कवचाला भोक पाडतो, बसून, तास तास. ते भोक इतकं छोटं असतं की नख फिरवल्याशिवाय सापडत नाही.

हे बघायला मला आवडतं. उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही.

टँकमधे सोबतीला काय ठेवू, हा प्रश्न नवीन लोक हमखास विचारतात. मला तो प्रश्न कळतो, कारण एवढा मोठा टँक आणि त्यात एकच प्राणी, तोही दिवसातला बराच वेळ दगडात, बघणाऱ्याला टँक रिकामाच वाटतो. पण सोबत हवी असते ती आपल्याला. त्याने कधी मागितलेली नाही. आणि सोबत्यांची यादी करायला बसलं तर ती जवळजवळ जेवणाचीच यादी निघते, खेकडे, झिंगे, शंख, शिंपले, छोटे मासे. जे त्याला खाता येत नाहीत ते बहुतेक त्याला इजा करणारे असतात. समुद्रफुलं आणि बरेच पोवळे डंख मारतात आणि त्याची कातडी उघडी असते, खवले नाहीत, कवच नाही. लायनफिशचे काटे विषारी. मँटिस श्रिंप तर मी स्वप्नातही नको म्हणेन, तो ठोसा मारून शिंपला फोडतो, आणि पोकळ्या असलेल्या दगडातून न सांगता घरात येतो. रात्री टँकमधून टकटक आवाज यायला लागला की जाणकार माणूस आधी ऑक्टोपसला बाहेर काढतो आणि मग दगड तपासतो.

माशांचं म्हणाल तर दोन्हीकडून धोका. दिवसा मासा त्याच्या डोळ्यांना, भुजांच्या टोकांना चावे घेतो, त्याचं जेवण पळवतो. रात्री हिशोब पूर्ण होतो. "माझ्याकडे तर सहा महिने झाले, दोघं छान राहतात" असं सांगणारे भेटतात, त्यांना मी काही बोलत नाही. सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयात मोठ्या टँकमध्ये पॅसिफिकचा अजस्र ऑक्टोपस आणि डॉगफिश जातीचे छोटे शार्क एकत्र ठेवले होते. तिथल्या माणसांना काळजी होती ती ऑक्टोपसची. मग तळाशी मेलेले शार्क सापडायला लागले, आणि मारणारा कोण ते शेवटी कॅमेऱ्यात आलं. तीही माणसं रोज पाण्यात उतरणारी होती, अडाणी नव्हती.

समुद्रात मात्र गोष्ट वेगळी आहे आणि ती मला राहून राहून आठवते. तांबड्या समुद्रात ऑक्टोपस आणि मासे मिळून शिकार करतात, ऑक्टोपस फटीत हात घालून उठवतो, बाहेर पळालं ते मासे धरतात, मासे बाहेर थांबल्यामुळे आत लपलेलं ऑक्टोपसला मिळतं. आणि अधूनमधून तो शेजारच्या माशाला भुजेने फटकन एक ठोसा लगावतो. संशोधकांनी २०२० मध्ये हे छापलं, कधी शिकारीच्या वाट्यावरून मारतो हे कळतं, पण काही वेळा कारणच दिसत नाही. म्हणजे त्याला सोबत जमत नाही असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या जर्व्हिस बे मध्ये मॅथ्यू लॉरेन्स या डायव्हरला २००९ मध्ये ऑक्टोपसची वस्तीच सापडली, एकाला एक लागून बिळं. मऊ वाळूत बीळ टिकत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा थर साचला आणि त्यात नवी बिळं खणता आली. तिथेही ते एकमेकांना ढकलतात, हाकलतात, वस्तू फेकून मारतात, पण राहतात. फरक एवढाच की तिथे नको झालं तर निघून जाता येतं. काचेच्या चार भिंतींत दोन ऑक्टोपस ठेवले तर बहुतेक वेळा लवकरच एक उरतो, आणि उरलेला जाड झालेला असतो.

माझ्याकडे सोबतीला राहिले ते असे, एक पेन्सिल अर्चिन, म्हणजे जाड बोथट काट्यांचा गोल समुद्री जीव, दिवसभर एका जागी. दोन-तीन बारीक ब्रिटल स्टार, तारामाशाचे लांब पायांचे भाऊबंद, पायांची टोकं तेवढी दगडाखालून बाहेर, गुंड्याने टाकलेलं उष्टं तेच आवरतात. हिरवा ब्रिटल स्टार नाही, तो मोठा झाला की स्वतःच शिकारी होतो. स्पंज, थोडं शेवाळ. आणि शंख, जे शेवाळ खायला म्हणून ठेवलेत, नोकरीला आहेत म्हणा. शंखांचं भवितव्य गुंड्याच्या मूडवर. कित्येक आठवडे तो त्यांच्या अंगावरून भुजा फिरवून पुढे जातो. त्याच्या सकरना, म्हणजे भुजांवरच्या चिकटणाऱ्या वाट्यांना, स्पर्शातूनच चव कळते, म्हणजे रोज तो त्यांना चाखतोच आणि नको म्हणतो. आणि मग एका सकाळी बिळाच्या दारात रिकामा शंख. मी नवीन आणून ठेवते. तो शंख सोबती होता की जेवण, हे आधी ठरलेलं नव्हतंच, मीही ठरवलं नव्हतं.

इथे परत तो हात करणारा खेकडा. त्या संध्याकाळनंतर मी त्याला वगळायला लागले. मुद्दाम नाही, म्हणजे मुद्दामच. चिमटा त्याच्याजवळ गेला की वळायचा. मला माझंच हसू यायचं कारण गुंड्याला दिलेल्या बाकीच्या खेकड्यांबद्दल माझ्याकडे एक तयार उत्तर होतं, की हे नैसर्गिक आहे, समुद्रात हेच होतं. पण समुद्रात खेकड्याला पळायला जागा असते. माझ्या टँकमध्ये तो तळाशी पोचतो तेव्हाच गोष्ट संपलेली असते, फक्त वेळ लागतो. आणि दुसरं असं की ऑक्टोपसला वेदना होतात, त्याला आतलं जग आहे, असं म्हणून जी माणसं त्याच्या बाजूने उभी राहिली त्यांच्याच यादीत खेकडाही आहे. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये प्राण्यांच्या संवेदनक्षमतेचा जो कायदा झाला त्यात पाठीचा कणा नसलेले दोनच गट घेतले, ऑक्टोपस-माकुळ यांचा एक आणि खेकडे-झिंगे-शेवंडी यांचा दुसरा. एकाच ओळीत, खाणारा आणि खाल्ला जाणारा. बेलफास्टच्या रॉबर्ट एलवुड यांनी हर्मिट खेकड्यांना शंखात असताना हलका शॉक देऊन बघितलं होतं, २००९ चा प्रयोग, काही खेकडे शंख सोडून पळाले, पण शंख आवडत्या जातीचा असेल तर कमी पळाले. म्हणजे नुसतं दचकणं नाही ते, काय सोसायचं आणि कशासाठी सोसायचं याचं काहीतरी गणित आहे आत. हे वाचल्यावर मी चिमटा खाली ठेवला असं नाही झालं. गुंड्याला भूक लागली होती, मी एक मादी उचलली आणि दिली.

थोडे बदल केले, तेवढंच. दिलेला खेकडा घटकाभरात खाल्ला नाही तर परत काढते, रात्रभर त्या टँकमध्ये ठेवत नाही. काडीवरचे तुकडे वाढवले, साधी गोठवलेली कोळंबी, सोलून, मीठ-मसाला किंवा टिकवायचं रसायन काही नसलेली, आणि कच्चा शिंपला. जिवंत त्यामुळे कमी लागतात, बंद झालेले नाहीत.

तर तो खेकडा. मध्ये एकदा सगळ्यांची कात टाकायची वेळ आली. खेकडे कात टाकतात तेव्हा वाळूत पुरून घेतात, रंग उतरतात, अंग मऊ असतं आणि नांगी काही काळ उचलत नाहीत. आठवड्याभराने सगळे वर आले ते चकचकीत, जरा मोठे, नव्या रंगाचे, आणि हात करणारा त्यातला कोणता ते मला कळेना. एक डावखुरा होता, तो डावखुरा होता का उजवा? आठवेना. मी बरोबर फोटो शोधला, फोटोत मैत्रिणीचं नाक आणि खेकड्याचा धूसर ठिपका. सिअ‍ॅटलच्याच मत्स्यालयातला एक प्रयोग २०१० मध्ये छापून आला होता, एकसारखा युनिफॉर्म घातलेली दोन माणसं, एक खायला घालणारा आणि एक काटेरी काडीने डिवचणारा, दोन आठवड्यांत ऑक्टोपस त्या दोघांना वेगवेगळं वागवायला लागले. ऑक्टोपसला माणसाचं तोंड लक्षात राहतं आणि मला माझ्याच टँकमधला खेकडा राहिला नाही. माझी दया त्याच्या नांगीच्या हलण्याला होती, ते थांबल्यावर दयाही कुणाला द्यायची ते उरलं नाही. नंतरच्या दिवसांत मी नेहमीसारखे जे हाताला लागले ते काढत गेले. तो त्यात गेला असेल. नसेलही.

आणि आता वारं फिरलंय. गुंड्या म्हातारा झालाय. बायमॅक दीडेक वर्ष जगतो, फार तर दोन, लोकांना हे सांगितलं की त्यांना ते पटतच नाही, एवढी अक्कल आणि एवढंसं आयुष्य. माद्या अंडी घातली की खाणं सोडतात, राखत बसतात आणि पिल्लं बाहेर पडायच्या सुमाराला संपतात. नरही वय झालं की खाणं सोडतात, उघड्यावर भटकतात, अंगावर पांढरे चट्टे येतात. जेरोम वोडिन्स्की यांनी १९७७ मध्ये दाखवलं होतं की डोळ्यांमागची दोन छोटी ग्रंथी काढून टाकली तर अंडी राखणारी मादी राखण सोडून परत खायला लागते आणि जास्त जगते. म्हणजे उपाशी मरणं हे त्यांच्या अंगात आधीच ठरवून ठेवलंय, वरून कितीही ताजा खेकडा द्या. हे माहीत असूनही मी ताजाच देत होते. मग एके दिवशी बघितलं तर खेकडा गुंड्याच्या भुजेवर चढून बसलाय आणि नांगीने टोकाशी चाचपतोय, आणि गुंड्या नुसता बघतोय, रंगसुद्धा बदलत नाहीये. मी हात घालून तो खेकडा इतक्या रागाने ओढून काढला की पाणी बाहेर सांडलं. राग खेकड्यावर, ज्याला मीच तिथे सोडला होता, आणि जो खेकड्याचं जे काम ते करत होता. तेव्हापासून जिवंत काही आत जात नाही. शंख काढले, ब्रिटल स्टारही काढले, कारण तेही हलत नसलेल्याला कुरतडायला मागेपुढे बघत नाहीत. अर्चिन तेवढा आहे. गुंड्या कधी शिंपल्याचा एवढासा तुकडा काडीवरून घेतो, तोंडापर्यंत नेतो, विसरतो.

खेकडे मात्र मजेत. ऑर्डर आधीच दिलेली होती त्यामुळे टँक भरलाय, उतारावर जागा नाही, नर एकमेकांना सारखे दटावतायत. समुद्रात सोडून देता येत नाही, पार्सलने आलेले जीव कुठल्या पाण्यातले आणि कुठला रोग घेऊन आलेले काय माहीत, दुसऱ्याच्या किनाऱ्यावर ते नेऊन टाकणं मला बरोबर वाटत नाही. त्यामुळे रोज त्यांचं पाणी, त्यांचं खाणं, त्यांची वाळू. नीट राहिले तर फिडलर गुंड्यापेक्षा जास्त जगतील.

परवा एका मुलाचा फोन आला, ओळखीतल्या कुणीतरी नंबर दिलेला, त्याला ऑक्टोपस घ्यायचाय. "ताई, कोणता घेऊ सांगा ना, तो मिमिक मिळतोय असं ऐकलंय." म्हटलं, मिमिक, तो दुसऱ्या प्राण्यांची नक्कल करणारा ऑक्टोपस, नको, तो पकडून आणतानाच निम्मा मेलेला असतो, आणि तू आधी हे सांग की तुझे खेकडे कुठून येणार? तो जरा थांबला. "फ्रोजन घालीन की." पिल्लू आलं तर ते फ्रोजनकडे बघणारसुद्धा नाही, मग? "मग तेव्हा बघू." थंडीत पार्सल गारठून मेलं तर त्या आठवड्यात काय घालणार? "तुम्ही तर घाबरवताच राव." मी म्हटलं घाबरवत नाही, तू आधी दोन-तीन महिने नुसते खेकडे सांभाळ, त्यांचं सगळं जमलं, मिळायची खात्रीची जागा सापडली, मोठ्या टँकचं पाणी तोपर्यंत मुरलं की मग मला परत फोन कर. त्याला ते काही फार आवडलं नाही. ऑक्टोपस मागायला आला होता आणि मी हातात खेकडे देत होते. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "मग ताई, तुमच्याकडचे उरलेत ना, तेच द्या मला, सुरुवात होईल."

म्हटलं, देईन, पण आधी तुझा टँक दाखव, वाळूचा उतार कसा केलायस ते बघू दे.